पेन्शनच्या दिवशीचा पिझ्झा

वाचकहो, वैद्यकीय व्यवसायात पंचवीस-तीस वर्षे काढल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध रुग्ण अधूनमधून विसरतात; परंतु डॉक्टरांनी घातलेली बंदी काही ज्येष्ठ मंडळी अक्षरशः व्रतासारखी पाळतात. अशाच एका बंदीची, आणि ती मागे घेताना मला जे उमगले त्याची, ही हकिकत आहे.

माझ्या एका रुग्णांना आपण आप्पा म्हणू. वय 74, एसटीतून निवृत्त झालेले. चित्रकलेचे मास्तर हे त्यांचे शाळेपासूनचे मित्र. दर महिन्याला पेन्शन जमा झाली की दोघे बँकेत जाऊन पासबुक भरून घेत आणि तेथून जवळच्या एका लहानशा हॉटेलात जेवत. पूर्वी तेथे मिसळ मिळत असे. पुढे मालकाच्या मुलाने ओव्हन बसवला, पाटी बदलली आणि पिझ्झा सुरू केला. या दोघांनी मात्र आपले टेबल बदलले नाही.

चार वर्षांपूर्वी आप्पांच्या रक्तातील साखर बरीच वाढलेली आढळली. मी घाईत होतो. म्हणालो, "आप्पा, आजपासून बाहेरचं खाणं पूर्ण बंद." त्यांनी मान हलवली आणि खरोखरच बंद केले. दोन वर्षांनी त्यांच्या पत्नी गेल्या. मुलगा आणि सून दोघेही नोकरीला. सूनबाई सकाळी सगळा स्वयंपाक करून, झाकून ठेवून जातात. त्यांच्या काळजीत काही उणे नव्हते. तरीही गेल्या वर्षी आठ महिन्यांत आप्पांचे वजन 62 किलोवरून 56 वर आले.

वजन घटते तेव्हा

येथे एक सूचना आवर्जून करतो. वृद्ध व्यक्तीचे वजन सहा महिने ते वर्षभरात, प्रयत्न न करता, 5 टक्क्यांहून अधिक घटले तर "वय झालं, चालायचंच" असे म्हणून ते सोडून देऊ नका. मधुमेह, थायरॉईड, क्षय, कर्करोग, दातांच्या तक्रारी, औषधांचे दुष्परिणाम, नैराश्य, यांपैकी कोणतेही कारण त्यामागे असू शकते. आप्पांच्या सर्व तपासण्या केल्या. रोग म्हणावा असे काही सापडले नाही.

मग मी त्यांना एक प्रश्न विचारला, जो खरे तर आधीच विचारायला हवा होता. "आप्पा, जेवताना शेजारी कोण असतं?" ते थोडे हसले. "कोण असणार डॉक्टर? ओट्याशी उभ्यानंच अर्धी भाकरी खातो नि ताट घासून ठेवतो."

एकटा माणूस कमी खातो, हा आपल्या सर्वांच्या अनुभवातला भाग आहे. गप्पा मारीत बसले की दोन घास अधिक जातात. एकटे असताना भूक लागली तरी ताट वाढून घेण्याचा कंटाळा येतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली सामाजिक नातेसंबंधांविषयी स्वतंत्र आयोग नेमला, तो एकाकीपणाचा शरीराच्या आरोग्यावरही परिणाम होतो म्हणूनच. मी आप्पांचा पिझ्झा बंद केला असे मला वाटत होते. प्रत्यक्षात बंद झाले होते ते मास्तरांबरोबरचे जेवण.

मी बंदी मागे घेतली. त्यावर मास्तर दवाखान्यात येऊन म्हणाले, "डॉक्टर, तुम्हीही चला. आम्ही काय खातो ते डोळ्यांनी पाहा, म्हणजे नंतर ओरडायला नको." आणि मी गेलो.

टेबलावर पाहिलेल्या गोष्टी

आम्ही साडेबारालाच पोहोचलो, गर्दी होण्यापूर्वी. मास्तरांना एका कानाने कमी ऐकू येते, म्हणून त्यांनी भिंतीलगतची जागा निवडली. स्वच्छतागृह त्याच मजल्यावर होते. या बाबी क्षुल्लक वाटतात. पण लघवीची घाई आणि जिना यांच्या धास्तीने कितीतरी ज्येष्ठ घराबाहेर पडणेच टाळतात. सोबत जाणाऱ्याने एक फोन करून हे आधीच विचारून घ्यावे.

आप्पा साखरेची गोळी घरूनच घेऊन निघणार होते. मी त्यांना थांबवले होते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा जेवणापूर्वीचे इन्सुलिन घरी घ्यायचे आणि हॉटेलात पदार्थ यायला पाऊण तास लागायचा, अशा वेळी साखर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे. वृद्धांत असे साखर उतरणे हे थोडी साखर वाढण्याहून अधिक धोक्याचे असते. औषध कोणत्या क्षणी घ्यायचे हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारा, आणि खिशात ग्लुकोज किंवा साखर ठेवा. "आज जास्त खाल्लं" म्हणून स्वतःच्या मनाने जादा गोळी मात्र कधीही घेऊ नका.

दोघांनी मिळून एक मध्यम आकाराचा, पातळ पोळीचा पिझ्झा मागवला. वर कांदा, ढोबळी मिरची, टोमॅटो. चीज नेहमीपेक्षा कमी. त्याआधी काकडी-गाजराची कोशिंबीर. आप्पांनी दोन तुकडे खाल्ले, मास्तरांनी तीन. उरलेले नातवासाठी बांधून घेतले. सोबत थंड पेय नव्हते, साधे पाणी होते. 300 मिलिलिटर कोलामध्ये साधारण सहा-सात चमचे साखर असते. साखरेच्या दृष्टीने ते टाळणे हाच सर्वांत सोपा लाभ.

पिझ्झ्याची एक खुबी मधुमेही वाचकांनी लक्षात ठेवावी. त्यातील मैद्याबरोबर चीजमधली चरबी असल्यामुळे जठर सावकाश रिकामे होते आणि साखर उशिरापर्यंत चढत राहते. दोन तासांनी घरच्या यंत्रावर आकडा चांगला दिसला म्हणून निर्धास्त होऊ नये. चार-पाच तासांनी पुन्हा पाहावे.

दुसरी बाब मिठाची. दिवसभराचे मीठ 5 ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट एका चहाच्या चमच्यापेक्षा कमी असावे. चीज, सॉस, ऑलिव्ह आणि प्रक्रिया केलेले मांस यांतून त्याचा मोठा वाटा एकाच बैठकीत पोटात जातो. म्हणून त्या दिवशी घरी लोणचे-पापड नको आणि रात्रीचे जेवण हलके हवे. हृदयाचा अशक्तपणा किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र आधी डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे.

मास्तरांना कवळी आहे. वरच्या पूर्ण कवळीने टाळू झाकली जाते आणि अन्न किती गरम आहे ते नीट कळत नाही. वितळलेले चीज तर फार वेळ तापलेले राहते. त्यांनी तुकडा दोन मिनिटे निवू दिला, सुरीने त्याचे लहान घास केले आणि घास गिळल्याशिवाय गप्पा सुरू केल्या नाहीत. चिवट चीज घशात अडकू शकते. पक्षाघातानंतर किंवा कंपवातात ज्यांना गिळताना ठसका लागतो, त्यांच्यासाठी हा पदार्थ योग्य नाही. सोबत जावे, पण त्यांनी दुसरे मऊ काही घ्यावे. घास अडकून बोलता किंवा खोकता येईनासे झाले, तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताने 5 जोरदार थापा द्याव्यात. तेवढ्याने न निघाल्यास पाठीमागून मिठी घालून बेंबीच्या वर 5 वेळा आत आणि वरच्या दिशेने दाब द्यावा. घास निघेपर्यंत हे आलटून पालटून करावे आणि दुसऱ्या कोणाला तरी रुग्णवाहिका बोलवायला सांगावे.

जेवण झाल्यावर आम्ही पंधरा मिनिटे बसून राहिलो. भरपेट जेवणानंतर काही वृद्धांचा रक्तदाब खाली येतो आणि झटकन उठल्यास भोवळ येते. सावकाश उठावे, क्षणभर टेबल धरून उभे राहावे, मग चालावे. घरी गेल्यावर दोन-तीन तास आडवे होऊ नये, म्हणजे आम्लपित्ताचा त्रास कमी होतो.

त्यानंतर

पुढच्या तीन महिन्यांत आप्पांचे वजन दोन किलोंनी वाढले. साखर जवळपास होती तेथेच राहिली. हे पिझ्झ्याने झाले असे मी म्हणणार नाही. महिन्यातील एका जेवणाने वजन वाढत नसते. झाले ते असे की त्या दिवसापासून मास्तर आठवड्यातून दोनदा स्वतःचा डबा घेऊन दुपारी आप्पांकडे येऊ लागले. आप्पा आता ओट्याशी उभे न राहता ताट मांडून बसतात.

घरातील ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्या मुला-सुनांना माझी विनंती आहे. पथ्य जरूर पाळा. परंतु एखादी गोष्ट बंद करताना तिच्याबरोबर आणखी काय बंद होत आहे ते एकदा पाहा. आणि ज्येष्ठ वाचकहो, ज्या मित्राबरोबर किंवा मैत्रिणीबरोबर आपण पूर्वी जेवत होता, त्यांना आज फोन करा. औषधांच्या वेळा मला किंवा आपल्या डॉक्टरांना विचारा. त्या बसवून देणे हे आमचे काम आहे.