छंद घराचा, वेळ कोणाचा?

कुटुंबाच्या जमाखर्चात छंदासाठी स्वतंत्र रकाना क्वचितच असतो. किराणा, शाळेची फी, घरभाडे किंवा कर्जाचा हप्ता, दवाखाना आणि प्रवास एवढी नोंद झाली की महिन्याचा हिशेब पुरा झाला असे समजले जाते. दिवाळीचा किल्ला, शिवजयंतीची मिरवणूक, आवडत्या गवयाची मैफल, मुलाने हट्टाने आणवलेला ससा या गोष्टी हौसेच्या सदरात टाकल्या जातात आणि हौसेला मोल नसते असे म्हणून विषय संपवला जातो. रुपयांच्या बाबतीत ही म्हण एक वेळ चालून जाईल. वेळेच्या बाबतीत ती चालत नाही. हौसेचे मोल घरात रोज कोणीतरी चुकते करीत असते. ते कोण करते, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

या प्रश्नाचा विचार करण्यास पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका सोयीचा आहे, कारण महाराष्ट्रातील कुटुंबजीवनाच्या तीन अवस्था तेथे एकाच तालुक्याच्या सीमेत आढळतात. पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीत आंबेमोहोर भात पिकवणारी, धरणाच्या काठाने वसलेली गावे आहेत. याच धरणासाठी जाणाऱ्या जमिनी वाचवण्याकरिता १९२१ साली मुळशीचा सत्याग्रह झाला आणि पांडुरंग महादेव बापट हे 'सेनापती बापट' झाले. मध्यभागी पौड-पिरंगुटचा पट्टा आहे. तेथे घरातले एक माणूस शेतावर आणि दुसरे कारखान्यात असते. पूर्वेला हिंजवडी, माण, मारुंजी या एकेकाळच्या खेड्यांभोवती संगणक उद्योगाने उभ्या केलेल्या इमारती आहेत. या तिन्ही ठिकाणची घरे वेगळी, उत्पन्ने वेगळी. पण छंदांची विभागणी पाहिली तर ती थक्क करण्याइतकी सारखी आहे.

प्रथम इतिहासाच्या छंदाकडे वळू. दिवाळीपूर्वी अंगणात विटा रचून, त्यांवर भिजवलेले गोणपाट अंथरून आणि चिखलाचा लेप देऊन मुले किल्ला करतात. त्यावर अळीव किंवा मोहरी पेरतात, शिखरावर महाराजांचे सिंहासन मांडतात आणि उतारावर मातीचे मावळे उभे करतात. मुळशीतील मुलांना यासाठी पुस्तकातील चित्रांवर विसंबावे लागत नाही. कोरीगड, घनगड आणि कैलासगड हे तीन किल्ले त्यांच्याच तालुक्यात आहेत. हाच खेळ मोठेपणी वेगळे रूप घेतो. शिवजयंतीला गडावरून धावत ज्योत आणणे, ढोल-लेझीम आणि मर्दानी खेळ, रायगडावरील राज्याभिषेक सोहळ्याला पारंपरिक वेशात जाणे ही त्याचीच रूपे होत. बाबासाहेब पुरंदरे यांच्या 'जाणता राजा' या महानाट्याने १९८५ पासून शेकडो कलाकारांना शिवकाल अंगावर चढवण्याची संधी दिली. २०२५ च्या जुलैमध्ये 'युनेस्को'ने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला आणि या हौसेला आंतरराष्ट्रीय मान्यतेचे बळही मिळाले.

पाश्चात्त्य देशांतही असा छंद आहे. १९६६ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथे काही मित्रमंडळी एका घराच्या परसात मध्ययुगीन पोशाखात जमली आणि त्यातून मध्ययुग जगून पाहणारी एक मोठी संस्था उभी राहिली. इंग्लंडात १९६८ साली स्थापन झालेली 'सील्ड नॉट' ही संस्था सतराव्या शतकातील यादवी युद्धाच्या लढाया पुन्हा खेळून दाखवते. तेथे हा प्रौढांचा, वर्गणी भरून पत्करलेला छंद असतो. आपल्याकडे तो घराचा, आळीचा आणि गावाचा असतो. हे त्याचे सामर्थ्य आहे, आणि त्याचा खर्च दिसेनासा होतो याचेही कारण तेच आहे. संस्थेला हिशेब ठेवावा लागतो. घर तो ठेवत नाही. फेटा बांधून पोरगा पहाटे ज्योत आणायला निघतो, तेव्हा त्याचा अंगरखा कोणी धुतला, डबा कोणी भरला आणि परतलेल्या दहा मुलांचा चहा कोणी केला, याची नोंद कोठेही होत नाही.

गंमत अशी की, ज्या काळाची ही नक्कल केली जाते तो काळ या बाबतीत अधिक हिशेबी होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांचे प्रकरण आहे आणि त्यात शौर्याच्या वर्णनापेक्षा व्यवस्थेचा विचार मोठा आहे. किल्ला बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, साठा करावा, राखण करणाऱ्यांची कामे ठरवून द्यावीत असा त्याचा रोख आहे. कोरीगडाच्या माथ्यावरील तळी आजही हेच सांगतात. किल्ला तलवारीने जिंकला जात असेल, पण तो लढवला जाई तो धान्याच्या कोठारावर आणि पाण्याच्या टाक्यावर. आपल्या उत्सवांत तलवारी तेवढ्या उरल्या आणि कोठार सांभाळणारे हात पडद्याआड गेले.

दुसरा छंद संगीताचा. महाराष्ट्रातील मध्यमवर्गाने संगीतावर जे प्रेम केले त्याला तोड नाही. सवाई गंधर्वांच्या स्मृतीसाठी भीमसेन जोशी यांनी १९५३ साली पुण्यात सुरू केलेला महोत्सव हे त्या प्रेमाचे सर्वांत मोठे प्रतीक. त्याच दशकात रेडिओ सिलोनवरील 'बिनाका गीतमाला' आणि १९५७ पासून 'विविध भारती' यांनी चित्रपटगीतांचे रसिक घराघरांत तयार केले. फर्माईशीची पोस्टकार्डे लिहिणारे, गाण्याचा राग आणि संगीतकार हमखास सांगणारे, ध्वनिमुद्रिकांसाठी पोटाला चिमटा घेणारे कारकून आणि शिक्षक प्रत्येक गावात होते. रेडिओ एकच असल्यामुळे तो सर्वांसाठी वाजत असे. स्वयंपाकघरातही तो ऐकू येई. आज गाणे ज्याच्या त्याच्या भ्रमणध्वनीत आणि ज्याच्या त्याच्या कानात शिरले आहे. निवड वाढली हे खरे. पण न निवडताही घरातील गृहिणीच्या वाट्याला येणारे गाणे मात्र कमी झाले.

मैफलीला जाणे आणि काम करता करता गाणे कानावर पडणे यांत मूलभूत फरक आहे. मैफलीला सलग मोकळी संध्याकाळ लागते, आणि अशी संध्याकाळ ज्याच्या घरी दुसरे कोणी भाकरी थापत असते त्यालाच मिळते. गावच्या हरिनाम सप्ताहात पखवाज आणि टाळ बहुधा पुरुषांच्या हाती असतात, आणि पंगतीच्या पोळ्या बायकांच्या हाती. मग बायकांचे संगीत कोणते? ते जात्यावर होते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी पुणे जिल्ह्याच्या मावळ-मुळशी डोंगरपट्ट्यातून ओव्या जमवण्यास आरंभ केला, आणि पुढे महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह झाला. एवढे प्रचंड गीतधन निर्माण करणाऱ्या स्त्रियांनी त्यासाठी रिकामा वेळ कधी मागितला नाही, कारण तो मिळणारच नव्हता. त्यांनी कष्टाच्या वेळेतच गाणे बसवले. या ओव्यांचे कौतुक करताना त्यांच्यामागील ही सक्ती विसरता कामा नये. हात मोकळे नसतानाही जपता येईल असा छंद त्यांनी निवडला, कारण दुसरा कोणताच परवडत नव्हता.

तिसरा छंद लहान प्राण्यांचा. खेड्यातील घरात कोंबडी, शेळी, मांजर आणि कुत्रा ही नेहमीची मंडळी. पण त्यांपैकी प्रत्येकाने आपल्या पोटापुरते काम करावे अशी अपेक्षा असे. इमारतींच्या वस्तीत ससा, लव्हबर्ड, गप्पी मासे, गिनीपिग आणि हॅमस्टर आले ते केवळ मायेसाठी. ही माया खोटी नाही. एकुलत्या एका मुलाला दुसऱ्या जिवाची काळजी घ्यायला शिकवणारा याहून चांगला धडा शाळेतही मिळणार नाही. पण धडा कोणी गिरवायचा, हे आधी ठरलेले नसते.

प्राण्याचा खरा खर्च खरेदीच्या दिवशी कळत नाही. ससा काही शेकड्यांत मिळतो. पण नीट सांभाळला तर आठ-दहा वर्षे जगतो. चौथी-पाचवीतील मुलाने आणलेला ससा ते मूल महाविद्यालयात जाईपर्यंत घरात असू शकतो. त्याचे दात जन्मभर वाढतात. ते झिजावेत म्हणून त्याला रोज भरपूर गवत लागते, नुसत्या गाजरावर भागत नाही. नर-मादी एकत्र ठेवली तर सुमारे महिन्याभराच्या गर्भकाळानंतर पिले होतात आणि हिशेब पाहता पाहता हाताबाहेर जातो. हॅमस्टर निशाचर आहे. १९३० साली सीरियातील अलेप्पोजवळ जमिनीतून खणून काढलेल्या एका मादीच्या पिलांपासून त्याचा पाळीव वंश जगभर पसरला. आणि तो हिंजवडीच्या दोन खोल्यांत मध्यरात्री चाक फिरवू लागतो तेव्हा पहाटे पाचला उठणाऱ्या बाईची झोप मोडते. आपल्याकडील रानपोपट पिंजऱ्यात ठेवणे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाच आहे, तरीही ते पिंजरे पूर्णपणे गेलेले नाहीत. उत्साह पंधरा दिवसांत ओसरतो. त्यानंतर पिंजरा झाडण्याचे काम आपोआप आईकडे येते. ती विसरली तर हाल त्या मुक्या जिवाचे होतात.

अर्थशास्त्राने या गोष्टींकडे फार उशिरा पाहिले. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६५ साली असा सिद्धांत मांडला की, कुटुंब हे केवळ वस्तू खपवणारे ठिकाण नसून तो एक लहानसा कारखाना आहे. बाजारातील वस्तू आणि घरातील माणसांचा वेळ यांच्या मिलाफातून तो जेवण, आरोग्य आणि करमणूक निर्माण करतो. स्वीडनचे स्टाफान लिंडर यांनी १९७० साली त्याची पुढची पायरी दाखवली. वस्तू जसजशा वाढतात तसतसा त्या वापरण्यास आणि राखण्यास लागणारा वेळ वाढतो. दिवसाचे तास मात्र चोवीसच राहतात. या दोन विचारांना एक भारतीय पुरवणी जोडणे आवश्यक आहे: आपल्या कारखान्यात वस्तू एकाच्या पसंतीने येतात आणि वेळ दुसऱ्याचा जातो.

आकडे याची साक्ष देतात. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार, घरातील बिनमोल कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात. ही कामे करणाऱ्या पुरुषांची सरासरी ८८ मिनिटे आहे. मुले व वृद्ध यांची देखभाल यांत धरलेली नाही. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत स्त्रीचा भार दहा मिनिटांनी उतरला, पण पुरुषाने त्यातले काही उचलले असे दिसत नाही, कारण त्याचीही नऊ मिनिटे कमी झाली. शिवाय २०१९ मध्ये पाहणीच्या दिवशी असे काही ना काही काम केलेल्या स्त्रिया शंभरांत ८१ होत्या, पुरुष अवघे २६. दुसरीकडे, संस्कृती, करमणूक, माध्यमे आणि क्रीडा यांवर खर्च होणारा दिवसाचा भाग याच काळात ९.९ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर गेला, म्हणजे सुमारे पंधरा मिनिटांनी वाढला. देशाची हौस वाढते आहे, ही आनंदाची गोष्ट होय. ती कोणाच्या पायावर उभी आहे, हे वरील आकड्यांतून कळते.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, मायेच्या व्यवहारात मिनिटे मोजणे हा कोतेपणा आहे. आईला मुलाच्या किल्ल्याचा आनंद होत नाही काय? होतो, निःसंशय होतो. परंतु आनंद होतो म्हणून श्रम नाहीसे होत नाहीत. शिक्षकाला शिकवण्याचा आनंद मिळतो म्हणून त्याचा पगार थांबवावा असे कोणी सुचवत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हा हिशेब मांडला तर घरातील छंदच बंद पडतील. ही भीती अनाठायी आहे. उलट, न मांडलेला हिशेबच छंदाला मारतो. कंटाळलेली आई ससा देऊन टाकायला लावते, किल्ल्याला अंगण देण्याचे नाकारते, 'हे सगळे पुरे आता' म्हणते. आणि मुलाच्या मनात छंद म्हणजे घरच्यांशी भांडण असे समीकरण बसते.

बदल अशक्य नाही हे ढोल-ताशा पथकांनी दाखवले आहे. पूर्वी पुरुषांचीच मक्तेदारी असलेल्या पुण्याच्या पथकांत आज मुली कमरेला ढोल बांधून तासन् तास वाजवतात आणि त्याचे कोणालाही नवल वाटत नाही. अंगणातील अर्धी वाट अशी चालून झाली. स्वयंपाकघरातील अर्धी अजून उरली आहे: बहीण सरावाला गेली तर त्या संध्याकाळची कुकरची शिट्टी भावाने मोजावी, एवढेच ते.

यासाठी कायदा नको, अनुदान नको. घरात नवा छंद येताना पैशाबरोबर तासांचेही अंदाजपत्रक मांडले जावे, आणि ज्याचा छंद त्याच्या नावावर ते तास लिहिले जावेत. ससा हवा असेल तर पिंजरा कोण झाडणार हे तो घरात येण्यापूर्वी ठरावे, आणि ठरत नसेल तर ससा आणू नये. शाळांच्या किल्ला-स्पर्धांत बुरुजांच्या रेखीवपणाबरोबर अंगण कोणी साफ केले यालाही गुण असावेत. तो गुण मिळवणारा मुलगा आज्ञापत्रातील दुर्गनीती अधिक चांगली समजेल. वडील डिसेंबरमध्ये मैफलीला जात असतील तर आईचीही एक सलग संध्याकाळ त्याच महिन्यात ठरलेली असावी, मग ती गाणे ऐको, मैत्रिणीकडे जावो की नुसती बसून राहो. तिचा छंद कोणता, हे अनेक घरांत कोणी विचारलेलेच नसते. आणि पुष्कळदा तिलाही त्याचे उत्तर चटकन देता येत नाही. ते उत्तर शोधण्याइतका वेळ तिच्या हाती पडला, तरच घराची हौस साऱ्या घराची झाली असे म्हणता येईल.