बेंदूर आणि घरांतील मुलें

आपल्यापैकीं पुष्कळांचीं मुलें-सुना हल्लीं अमेरिकेंत आहेत, आणि नोव्हेंबर महिन्याच्या चौथ्या गुरुवारीं तिकडील नातवंडांचा एक प्रश्न हमखास येतो : ‘आजी, तुमच्याकडे आभाराचा सण नसतो का?’ तिकडे या सणाचें नातें इ. स. १६२१ मधील प्लिमथच्या सुगीच्या भोजनाशीं जोडतात. अध्यक्ष लिंकन यांनीं १८६३ सालीं तो साऱ्या राष्ट्रासाठीं जाहीर केला, आणि १९४१ च्या कायद्यानें त्याचा दिवस कायम झाला. त्या पहिल्या भोजनास वसाहतवाल्यांबरोबर वांपानोआग हे तेथील मूळ रहिवासीहि होते. पुढें त्यांच्याच जमिनी गेल्या. म्हणून १९७० पासून त्यांच्यांतील कांहीं मंडळी तोच दिवस शोकदिन म्हणून पाळतात. हें येथें सांगण्याचें कारण पुढें येईल.

नातवाला उत्तर देण्यासाठीं आम्हां सातारा-सांगलीकडच्या लोकांना फार दूर जावें लागत नाहीं. आपला बेंदूर तोच आहे. इतर महाराष्ट्रांत श्रावणी अमावास्येस पोळा होतो. आपल्याकडे आषाढांत, गुरुपौर्णिमेच्या सुमारास, बेंदूर येतो, आणि कर्नाटकाला लागून असलेल्या गांवांतून तो त्याहिपूर्वीं, ज्येष्ठी पौर्णिमेस, होऊन गेलेला असतो. त्या दिवशीं बैलाच्या मानेवर जूं ठेवावयाचें नाहीं. जुवानें रापलेले त्याचे खांदे हळद-तुपानें चोळावयाचे, शिंगें रंगवून त्यांत कडबोळीं अडकवावयाचीं, आणि घरच्या माणसांच्या आधीं त्याला पुरणपोळी द्यावयाची. या सगळ्यांत आभाराचा शब्द कोठेंच नाहीं. आपल्याकडे घरच्या माणसाला ‘आभारी आहें’ म्हटलें तर त्यास आपण रागावलों आहों असें वाटावयाचें! आपण ऋण मानतों तें ताटांतून.

आपल्या घरांतून बहुधा औत नसे, म्हणून मातीच्या बैलांची जोडी पाटावर मांडून पूजण्याची वहिवाट पडली. हे बैल विकत आणण्यापेक्षां मुलांकडून करवून घ्यावेत असें आमचें स्पष्ट मत आहे. आदल्या दिवशीं चाळलेली माती भिजवून तिचा घट्ट गोळा करावा. त्यांत थोडा कापूस पिंजून मिसळला म्हणजे वाळतांना चिरा पडत नाहींत. पांच वर्षांच्या मुलाचा बैल बैलासारखा दिसत नाहीं. पाय आंखूड होतात, शिंगें गळतात. मोठ्यांनीं तो सुधारूं नये. फार तर शिंगांना आंतून काडीचा आधार द्यावा. वशिंड मात्र विसरूं देऊं नये, कारण जूं त्याच्या पुढेंच बसतें, आणि हें सांगण्याची तीच वेळ असते. घरांत चुलत भावंडें असतील तर जोडींतला एक एक बैल एकेकाकडे द्यावा. जोडी विजोड होते, भांडणहि होतें, होऊं द्यावें.

आतां खरी अडचण. गेल्या वर्षीं साताऱ्यास आमच्या घरीं पाट मांडून झाल्यावर धाकट्या नातवानें विचारलें, ‘आजी, खरा बैल कुठं आहे? आपल्याला गहू कोण देतं?’ ‘दुकानदार,’ असें त्याच्या बहिणीनें सांगून टाकलें. तेव्हां आमचे थोरले दीर सुस्कारा टाकून म्हणाले, ‘बाळा, आपलंही शेत होतं. कुळांनीं घेतलं.’

हें वाक्य आपल्या किती घरांतून नेमकें बेंदराच्या दिवशीं उच्चारलें जातें! १९४८ सालीं मुंबई इलाख्याचा कुळकायदा झाला, आणि पुढें १ एप्रिल १९५७ रोजीं कसणारीं कुळें जमिनीचीं मालक मानलीं गेलीं. त्यापूर्वीं आमच्या गांवाकडील वाड्याच्या दारांत बेंदराला वाजतगाजत बैल येत, आणि घरची सवाष्ण त्यांच्या पायांवर पाणी घालून ओवाळी. पुढें बैल यावयाचे थांबले. कित्येक घरांची वर्षाची बेगमी तुटली, हें दुःख खोटें नव्हे. परंतु त्या बैलामागें उन्हातान्हांत कोण चालत होता, हेंहि मुलाला त्याच श्वासांत सांगावयास नको काय? आपण बैलाला पोळी दिली ती सन्मानानें. बैल आणणाऱ्याला मात्र ती ओसरीच्या खालीं उभें करून दिली. ज्याचें ऋण, त्याच्याविषयींच मुलाच्या मनांत अढी घालावयाची आणि मातीच्या बैलाला नैवेद्य दाखवावयाचा, याला सण कसें म्हणावें? प्लिमथची गोष्ट वर सांगितली ती याचसाठीं.

सांगलीस माझ्या धाकट्या बहिणीच्या घरीं यावर एक तोड निघाली आहे. ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णेचें पाणी आयर्विन पुलापाशीं ५७ फुटांच्या वर गेलें, तेव्हां तीं सारीं घर सोडून बाहेर पडलीं होतीं. आसपासच्या खेड्यांतून टेंपो भरभरून भाकरी येत. त्या कोणाच्या चुलीवरच्या, हें त्या वेळीं कोणी विचारलें नाहीं. पुढील वर्षापासून त्या घरीं बेंदराचें पहिलें पान बैलांना, आणि दुसरें पान मुलांनीं स्वतः बाहेर न्यावयाचें, असें ठरलें. तें कधीं दूध घालणाऱ्या काकांकडे जातें, कधीं मंडईंतल्या भाजीवाल्या मावशींकडे. डबा देऊन पळून यावयाचें नाहीं. शेत कोठें आहे, यंदा काय पेरलें, बैल आहेत कीं ट्रॅक्टर, हें विचारून यावयाचें. पहिल्या वर्षीं मुलें लाजून दारांतच उभीं राहिलीं. मावशींनीं डबा रिकामा परत न करतां त्यांत भुईमुगाच्या शेंगा भरल्या, तेव्हां तीं बोलूं लागलीं.

यंदा आम्हींहि धीर केला. आमच्या जुन्या कुळाचे नातू अजून तीच जमीन कसतात. त्यांस फोन करून मुलांना घेऊन गेलों. त्यांच्या दारांत आतां बैल नाहींत. धुऊन पुसून हार घातलेला ट्रॅक्टर उभा होता. आमच्या धाकट्यानें बरोबर आणलेली आपली आंखूड पायांची जोडी त्यावर मांडली, आणि त्या घरच्या आजींनीं ट्रॅक्टरबरोबर तिलाहि हळदकुंकूं वाहिलें. थोरले दीर आले नाहींत. निघतांना मात्र त्यांनीं डबा उघडून पोळ्यांना तूप पुरेसें लागलें आहे कीं नाहीं, तें पाहिलें होतें.

पूजेनंतर हे बैल दुसऱ्या दिवशीं तुळशीच्या कुंडींत विरवावेत. पक्का रंग दिलेला नसला म्हणजे माती मातींत मिळून जाते. मूल फारच रडूं लागलें तर त्याचा एक बैल कोनाड्यांत राहूं द्यावा.