रानबदामाचे कुंपण आणि मोकळा उतार

दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन शहराच्या कर्स्टनबॉश वनस्पती-उद्यानात रानबदामाच्या एका जुन्या कुंपणाचे अवशेष आजही तग धरून आहेत. डच ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी यान फान रीबेक याने १६५२ मध्ये येथे जहाजांना ताजे अन्नपाणी पुरवणारे ठाणे वसवले आणि पिढ्यानपिढ्या या कुरणांवर गुरे चारणाऱ्या खोईखोई लोकांना ठाण्याच्या जमिनीपासून दूर ठेवण्यासाठी १६६० मध्ये हे कुंपण लावले. फुले पाहायला येणाऱ्याच्या नजरेत ते सहज भरत नाही. परंतु या देशाचा पुढचा इतिहास बहुतांशी माणसामाणसांत कुंपणे घालण्याचाच असल्यामुळे त्याची ओळख येथून करून घेणे उचित ठरते.

शहराच्या मध्यभागी १६७९ मध्ये बांधलेली, आता संग्रहालय झालेली गुलामांची कोठी आहे. तेथे ठेवलेल्या माणसांत मादागास्कर व इंडोनेशियाच्या बेटांवरून आणलेल्यांबरोबर बंगाल, मलबार आणि कोरोमंडल किनाऱ्यावरून नेलेले भारतीयही होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने संपली, तरी जमिनीची वाटणी रंगावरूनच होत राहिली. १९१३ च्या भूमी कायद्याने बहुसंख्य कृष्णवर्णीयांसाठी देशाची जेमतेम सात टक्के जमीन राखून ठेवली. १९४८ मध्ये नॅशनल पार्टी सत्तेवर आल्यावर ‘अपार्थाइड’ हे राज्याचे अधिकृत धोरण झाले. आफ्रिकान्स भाषेतील या शब्दाचा अर्थ ‘वेगळेपणा’. १९५० च्या लोकसंख्या-नोंदणी कायद्याने प्रत्येकावर वंशाचा शिक्का मारला. ज्याचा वंश ठरत नसे त्याच्या केसांत पेन्सिल खोचून ती अडकते की घसरते हे पाहिले जाई आणि अशा हीन परीक्षेवर एकाच कुटुंबाची फाटाफूट होऊ शके. त्याच वर्षीच्या समूह-क्षेत्र कायद्याने कोणत्या वंशाच्या माणसाने कोठे राहायचे हे ठरवण्याचा अधिकार सरकारला दिला.

या कायद्याचा अर्थ केपटाऊनच्या डिस्ट्रिक्ट सिक्समध्ये जितका स्पष्ट होतो तितका क्वचितच अन्यत्र होत असेल. बंदराजवळच्या उतारावरील या दाट वस्तीत गुलामांचे वंशज, गोदी-कामगार, ज्यू व्यापारी, कृष्णवर्णीय आणि भारतीय शेजारीशेजारी राहत. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी सरकारने ही वस्ती केवळ गोऱ्यांसाठी घोषित केली आणि पुढील वर्षांत साठ हजारांहून अधिक लोकांना केप फ्लॅट्स या दूरच्या वालुकामय सपाटीवर हलवून घरे बुलडोझरने पाडली. प्रार्थनास्थळे पाडण्यास हात धजले नाहीत, म्हणून चर्च आणि मशिदी उघड्या माळावर एकाकी उभ्या राहिल्या. हिसकावलेल्या त्या जमिनीवर घरे बांधण्याला इतका विरोध झाला की बराचसा उतार ओसाडच राहिला. टेबल माउंटन पर्वताच्या पायथ्याशी दिसणारी ही मोकळी जागा निसर्गाची देणगी नसून माणसांना उठवल्याची खूण आहे.

जवळच्या एका जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये १९९४ पासून या वस्तीचे संग्रहालय आहे. त्याच्या जमिनीवर रस्त्यांचा मोठा नकाशा अंथरलेला आहे आणि पूर्वीच्या रहिवाशांनी आपापल्या घराच्या जागी स्वतःच्या हाताने नावे लिहिली आहेत.

केपटाऊनसमोरच्या समुद्रातील रॉबेन बेटावरील तुरुंगात, जेथे नेल्सन मंडेलांनी कैदेच्या सत्तावीस वर्षांपैकी अठरा वर्षे काढली, पूर्वीचे राजकीय कैदीच पर्यटकांना कोठड्या दाखवत आले आहेत. तेथील जेवणाच्या तक्त्यावरून कळते की कैदेतही वंशाप्रमाणे शिधा वेगळा होता आणि पाव कृष्णवर्णीयांच्या वाट्याला येत नसे.

मराठी वाचकाचा या शहराशी संबंध दूरचा नाही. रत्नागिरीकडून गेलेल्या कोकणी मुसलमान कुटुंबांनी केपटाऊनमध्ये संसार थाटले होते. १९१२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर आले, तेव्हा कोकणी मुसलमान आणि महाराष्ट्रीय हिंदू यांच्या आग्रहावरून ते मराठीत बोलले व गांधीजींनी त्यांच्या भाषणाचा अनुवाद केला. तेव्हा केपटाऊनला जाणाऱ्या मराठी प्रवाशाने टेबल माउंटनच्या केबलकारसाठी राखून ठेवतो तितका वेळ त्या चर्चमधील नकाशासाठीही ठेवावा आणि त्यावरची नावे सावकाश वाचावीत.