तीन इमारती, एकच पेढी

टोकियोतील राजवाड्याजवळ, हिबिया भागात, 1890 साली इम्पीरियल हॉटेल सुरू झाले. पाश्चात्त्य पाहुण्यांना साजेसे निवासस्थान राजधानीत असावे, ही मुत्सद्दी इनोउए काओरू यांची इच्छा. भांडवल घातले ते राजघराण्याने आणि व्यापाऱ्यांनी. पहिले अध्यक्ष शिबुसावा एइइची. सुमारे पाचशे उद्योगांच्या उभारणीत सहभागी असलेले हे गृहस्थ नीती आणि हिशेब यांची फारकत मानीत नसत. मुंबईशीही त्यांचा संबंध आला. 1893 साली जमशेटजी टाटांशी त्यांची बोलणी झाली, मुंबई-कोबे जहाजवाहतूक सुरू झाली आणि कापसाच्या वाहतुकीतील ब्रिटिश मक्तेदारीला आव्हान मिळाले. 2024 पासून दहा हजार येनच्या नोटेवर त्यांचे चित्र आहे.

ती पहिली इमारत 1922 साली जळाली. तोवर अमेरिकन वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट यांची नवी वास्तू आकार घेत होती. ओया नावाचा हलका, सच्छिद्र दगड आणि विटा. खर्च मात्र अंदाजाच्या कितीतरी पलीकडे. काम अपुरे असतानाच राइट मायदेशी परतले. शिष्य एंदो आराता यांनी ते तडीस नेले.

1 सप्टेंबर 1923. उद्घाटनाचाच दिवस, आणि मध्यान्ही महाभूकंप झाला. टोकियो-योकोहामा परिसरात एक लाखाहून अधिक माणसे दगावली. हॉटेल उभे राहिले, आणि ते अभंग राहिल्याची कीर्ती जगभर पसरली. वस्तुतः त्याचे नुकसान झाले होते, आणि शहरातील इतरही काही पक्क्या इमारती टिकल्या होत्या. पण कीर्तीला असा तपशील मानवत नाही. राइट यांनी मऊ चिखलात आखूड खुंटांचा पाया घालून वास्तू जणू तरती ठेवली होती. पुढे त्याच चिखलात ती असमान खचत गेली. विरोध झाला, तरी 1967-68 मध्ये ती पाडण्यात आली. तिचे प्रवेशदालन इनुयामा येथील मेइजी मुरा संग्रहालयात पुन्हा उभारले आहे. मूळ जागी 1970 साली सतरा मजली इमारत आली.

राइट यांची वास्तू गेली, पण घरची शिस्त गेली नाही. 1911 साली सुरू केलेला स्वतःचा धुलाई विभाग आजही चालतो. पाहुण्याच्या सदऱ्याची गुंडी तुटलेली आढळली, तर तिला जुळणारी शोधून लावली जाते. व्यवस्थापकांनी डेन्मार्कमध्ये हवे ते स्वतः वाढून घेण्याची पद्धत पाहिली आणि 1958 साली ती येथे 'बाइकिंग' नावाने आणली. आज जपानभर अशा भोजनाला तोच शब्द आहे.