लिलाव कंपन्यांची हातमिळवणी आणि आपला माल

दाभोसाचा धबधबा पाहून परतणारा पर्यटक वारली चित्र घासाघीस करून घेतो. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यातील मुखवट्यांचीही तीच गत. हाच माल परदेशी गिऱ्हाइकाने बोली लावून घेतला तर? कारागीर व व्यापारी बांधवांनी या वाटेचा इतिहास आधी समजून घ्यावा.

अमेरिकेच्या ‘ईबे’ या लिलाव कंपनीने २००४ साली मुंबईची ‘बाझी डॉट कॉम’ सुमारे ५ कोटी डॉलरला घेतली. पण देशी बाजारात तिचा जम बसेना. जपानमध्येही तसेच घडले होते. २००२ साली तिथून गाशा गुंडाळलेल्या ईबेने २००७ मध्ये ‘याहू जपान’शी हातमिळवणी करून पुन्हा पाय रोवले. परक्या बाजारात स्थानिक भागीदार लागतो, हे शहाणपण तिला ठेच लागूनच आले म्हणायचे!

एप्रिल २०१७ मध्ये फ्लिपकार्टशी करार जाहीर झाला. ईबेने ५० कोटी डॉलर रोख आणि आपला भारतातील धंदा फ्लिपकार्टला दिला, बदल्यात हिस्सा घेतला. फ्लिपकार्टवरील विक्रेत्यांचा माल ईबेच्या जगभरच्या गिऱ्हाइकांपुढे जाणार, असे ठरले. पण मे २०१८ मध्ये वॉलमार्टने १६०० कोटी डॉलर मोजून फ्लिपकार्टचा ७७ टक्के हिस्सा घेण्याचे जाहीर केले. ईबेने आपला हिस्सा विकायचे ठरवले. १४ ऑगस्ट २०१८ रोजी ‘ईबे डॉट इन’ला टाळे लागले. ज्यांचे दुकान तिथेच होते, त्यांना नवी पेठ शोधावी लागली. बड्यांच्या सोयरिकीत छोट्या विक्रेत्याला कुणी विचारत नाही. म्हणून गिऱ्हाइकांची यादी आपल्या वहीत हवी आणि माल एकाच कंपनीच्या भरवशावर नको.

परदेशी माल धाडायला आयात-निर्यात क्रमांक लागतो. त्याचे शुल्क ५०० रुपये. टपाल खात्याने २०२२ पासून डाकघर निर्यात केंद्रे उघडली आहेत, तिथे पार्सलचे कागद होतात. वारली चित्रकलेला २०१४ पासून भौगोलिक मानांकन आहे. तेव्हा छापील नक्कल वारली म्हणून खपवू नये, आणि चित्र काढणाऱ्या आदिवासी कलावंताला बोलीतला वाजवी वाटा द्यावा.

अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद केली. तो कर कोण भरणार, हे बोली सुरू होण्यापूर्वीच मालाच्या वर्णनात लिहावे.