घर सांभाळणाऱ्यांची घरे

1989 च्या डिसेंबरात रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू याची राजवट कोसळली, पाठोपाठ सरकारी कारखाने व खाणी एकामागून एक बंद पडत गेल्या, आणि ज्या रोमानियन माणसाला पूर्वी सरहद्द ओलांडण्याचा परवाना मिळणे दुरापास्त होते, त्याच्यावर पोटासाठी तीच ओलांडण्याची पाळी आली. 2002 पासून शेंगेन राष्ट्रांत अल्प मुदतीसाठी जाण्यास व्हिसा लागेनासा झाला, 2007 च्या प्रारंभी रोमानिया युरोपीय संघात दाखल झाला, आणि हा ओघ इतका वाढला की आज एकट्या इटलीत सुमारे दहा लाख रोमानियन असून तेथील परदेशीयांत त्यांचीच संख्या सर्वाधिक आहे. दोन्ही भाषा लॅटिनोद्भव असल्याने बाजारहाटापुरते इटालियन लवकर जमते, ही सोयही लहान नव्हे.

पुरुष बहुधा बांधकामावर जातात. परंतु या स्थलांतराचे मर्म कळते ते बायकांकडे पाहून. इटलीत म्हाताऱ्यांची संख्या वाढत गेली, लेकीसुना नोकरीस लागल्या, आणि वृद्धांना न्हाऊ घालणे, वेळेवर औषध देणे, अपरात्री उठून त्यांची कूस बदलणे ही कामे, स्वतःची मुले आजीच्या हवाली करून आलेल्या परदेशी स्त्रियांकडे गेली. अशा बाईस तिकडे ‘बदांते’ म्हणतात. ती बहुधा मालकाच्याच घरी राहते, त्यामुळे भाडे वाचते. मात्र म्हातारा वारला की पगाराबरोबर छप्परही जाते. सुटीच्या दिवशी या बायका बागेत जमतात. गावाकडे निघालेल्या छोट्या गाड्यांत कॉफी, कपडे, खेळणी यांची बोचकी चढवतात, आणि परतीच्या खेपेत घरचे चीज व आलुबुखाराची दारू येते. त्यांच्यापैकी अनेकींना जडणाऱ्या निद्रानाशास व खिन्नतेस ‘इटली सिंड्रोम’ असे नावच पडले आहे.

पैसा गावी पोचतो, यात संशय नाही. उत्तरेकडील चेर्तेझे गावात परदेशच्या कमाईवर उठलेली टोलेजंग घरे एकमेकांशी स्पर्धा करतात. त्यांतली कित्येक ऑगस्टच्या सुटीपुरतीच उघडतात. मागे राहिलेल्या मुलांविषयी सरकारने कायदा केला तो असा, की कामासाठी परदेशी जाणाऱ्या पालकाने 40 दिवस अगोदर स्थानिक दप्तरी वर्दी देऊन मुलांचा सांभाळ करणाऱ्याचे नाव नोंदवावे. हेतू उत्तमच, परंतु बदांतेला कामाचा सांगावा आज आला तर उद्याची गाडी धरावी लागते, हे मसुदा करणाऱ्यांनी विचारात घेतलेले दिसत नाही.