पासपोर्ट रद्द झाला, पण त्याच्या रेकॉर्डचं काय होतं?

मागच्या महिन्यात नेरुळच्या घरी बाबांचा नवा पासपोर्ट आला. जुना पासपोर्ट कोपरा कापून, रद्दचा शिक्का मारून परत मिळाला होता. आई म्हणाली, "हा रद्दीत टाकू का?" म्हटलं, "थांब गं, तो जपून ठेव!"

पुस्तिका घरी आली तरी अर्ज, कागदपत्रं, पोलीस पडताळणी हे सगळं सरकारकडे असतंच. फोनमधला फोटो आपण एका टॅपमध्ये उडवतो, पण सरकारी रेकॉर्ड तसं उडवता येत नाही. त्यासाठी १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे. अभिलेख म्हणजे रेकॉर्ड. त्यात कागदी फाइलींसोबत कॉम्प्युटरमधला डेटाही येतो.

रेकॉर्डचे तीन टप्पे

१. जपणं: कोणतं रेकॉर्ड किती वर्षं ठेवायचं, हे खात्याने ठरवून ठेवायचं असतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले यालाच रिटेन्शन पॉलिसी म्हणतो.

२. आर्काइव्ह: कायमचं मोल असलेलं केंद्र सरकारचं रेकॉर्ड २५ वर्षांनंतर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जातं. त्यांच्या 'अभिलेख पटल' पोर्टलवर जुन्या सरकारी फाइली तुम्हीही शोधू शकता.

३. नष्ट करणं: मुदत संपली तरी आधी तपासणी होते. मग अधिकाऱ्यासमोर कागद श्रेडरमध्ये घालतात किंवा जाळतात. काय नष्ट केलं याची यादी मात्र कायम ठेवावी लागते. थोडक्यात, फाइल डिलीट, लॉग शिल्लक! नियम डावलून रेकॉर्ड नष्ट केलं तर ५ वर्षांपर्यंत कैद, १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

एवढा खटाटोप कशाला?

२०१० मध्ये ब्रिटनच्या गृहखात्याने कॅरिबियन बेटांवरून आलेल्या लोकांची जुनी लँडिंग कार्डं नष्ट केली. कोण कधी आलं, याचा तो पुरावा होता. पुढे, वर्षानुवर्षं तिथे कायदेशीर राहिलेल्या अनेकांना आपला हक्कच सिद्ध करता येईना. कुणाची नोकरी गेली, कुणाला देशाबाहेर काढलं. २०१८ मध्ये हे 'विंडरश' प्रकरण जगभर गाजलं.

पण सगळंच कायम ठेवणंही धोक्याचं. डेटा जितका जास्त, तितकं लीक झाल्यावर नुकसान मोठं. म्हणून मुदत हवी आणि नष्ट करण्याचे नियमही हवेत.

तुम्ही काय कराल?

• जुना पासपोर्ट टाकू नका. त्यात अमेरिकेसारख्या देशाचा चालू व्हिसा असेल, तर नव्या पासपोर्टसोबत तो दाखवावा लागतो.
• जुना नंबर आणि तारखा नोंदवून ठेवा. पुढच्या अर्जात लागतात.
• स्कॅन लॉक असलेल्या फोल्डरमध्येच ठेवा, फॅमिली ग्रुपवर टाकू नका.

सरकारचं रेकॉर्ड सरकार सांभाळेल. आपली प्रत आपणच सांभाळायची!